झोप रात्रीच्या कोणत्या प्रहरी मोडते? त्यावरून काय ओळखता येतं?

साखरझोप

मानसोपचाराच्या केसपेपरवर 'झोप कमी' एवढे दोन शब्द असतात आणि त्याखाली गोळीचं नाव. माझं म्हणणं असं, की 'किती तास झोपता' याआधी 'नेमकं किती वाजता बिघडतं' हे विचारलं पाहिजे. रात्र सगळी सारखी नसते.

अकराला डोळा लागणारा आणि सहाला उठणारा धडधाकट माणूस घ्या. झोपेचे टप्पे असे: आधी काही मिनिटं एन१ म्हणजे अगदी हलकी झोप, मग एन२ म्हणजे मधली, आणि अर्ध्या तासाच्या आत एन३, म्हणजे ज्याला आपण मेल्यासारखी झोप म्हणतो ती. साडेबाराच्या सुमारास पहिली रेम (डोळे झरझर फिरतात ती स्वप्नांची झोप), जेमतेम पाच-दहा मिनिटांची. असं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, रात्रीत चार ते सहा. पण प्रत्येक आवर्तनातली वाटणी वेगळी. एन३ बहुतेक रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात संपते. रेम पुढे पुढे लांबत जाते आणि पहाटेची एकेक रेम अर्ध्या तासाचीही असते. एकूण हिशोब: एन१ सुमारे ५ टक्के, एन२ निम्मी, एन३ १५ ते २०, रेम २० ते २५.

त्यामुळे झोपेत चालणं, किंचाळून उठणं हे पहिल्या प्रहराचे प्रकार. दुःस्वप्नं आणि स्वप्नातल्या मारामाऱ्या शेवटच्या प्रहराच्या. अंथरुणावर पडल्यावर तासन्‌तास तळमळ असेल तर चिंता, पायांची अस्वस्थता किंवा मागे सरकलेलं शरीराचं घड्याळ. आणि पहाटे तीन-चारला टक्क जाग म्हणजे नैराश्याची शंका घ्यायची.

हा आराखडा कुठे चुकतो ते जाणकारांनी सांगावं.

ईईजीवाली

आराखडा बरोबर, पण टप्पे ठरतात कसे ते आधी सांगते. स्लीप स्टडीत (रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास वगैरे नोंदवणारी तपासणी) रात्रीचे ३० सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला एकच नाव देतात. सात तासांचे ८४० तुकडे. डोळे मिटून जागं असताना डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा लहरी, सेकंदाला ८ ते १३. त्या निम्म्याहून कमी झाल्या आणि संथ लहरी आल्या की एन१. एन२ ची खूण म्हणजे के-कॉम्प्लेक्स (एकच मोठी, टोकदार लहर) आणि स्पिंडल (११ ते १६ हर्ट्झचा, किमान अर्ध्या सेकंदाचा झुपका). ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच संथ लहरींनी तुकड्याचा २० टक्के भाग व्यापला की एन३. रेममध्ये मेंदू जवळजवळ जागा दिसतो, डोळे झरझर फिरतात आणि हनुवटीच्या स्नायूची रेघ सपाट होते. ती हनुवटीची तार निघाली तर रेम नक्की सांगणं अवघड जातं.

जुन्या पुस्तकांत टप्पा ३ आणि ४ वेगळे आहेत. ती १९६८ची पद्धत. २००७पासून दोन्ही मिळून एन३.

स्टडीला येणाऱ्यांसाठी: त्या दिवशी केस शांपूने धुऊन यायचं आणि नंतर तेलाचा थेंबही लावायचा नाही. तेलामुळे इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमखाली येत नाही, पेस्ट सरकते आणि मध्यरात्री सिग्नल जातो. ऑक्सिजनची क्लिप लागते त्या बोटावर नेलपॉलिश नको, गडद मेंदीही नको. दुपारची झोप आणि दुपारनंतरचा चहा त्या दिवशी बंद. आणि एका रात्रीवर फार विसंबू नका. परक्या खोलीत अंगभर तारा लावून पहिल्या रात्री एन१ वाढते आणि रेम उशिरा येते.

मिसळ_जास्त_तर्री

आजीच्या हातची चंपी करून घेऊन झोपायचं हा आमच्याकडचा हजार वर्षांचा उपचार, आणि स्टडीवाले पहिल्यांदा तोच बंद करतात. दंडवत.

पुणे५२अंश

मनगटी घड्याळ रोज 'डीप स्लीप २२ मिनिटं' दाखवतं, वय ५८. काळजी करायची का? घड्याळाला ७५ मायक्रोव्होल्ट कुठून कळतात?

ईईजीवाली

कळत नाहीत. ते मनगटाची हालचाल आणि नाडी बघतं आणि अंदाज बांधतं. एकूण झोपेचा अंदाज बरा असतो, टप्प्यांचा कच्चा. निपचित पडून छताकडे बघत राहिलात तरी झोप म्हणून मोजतं, म्हणजे ज्याला निद्रानाश आहे त्याच्याच बाबतीत जास्त चुकतं. दुसरं, वय वाढलं की संथ लहरींची उंचीच घटते. साठीतल्या पुरुषात एन३ अगदी थोडी दिसणं नेहमीचं आहे. घड्याळातला आकडा वाढवण्याच्या नादात झोप उडालेले लोक आता इतके आहेत की २०१७मध्ये त्याला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं गेलं.

घोर_पडे

साखरझोप, पहाटे तीनची जाग आली की लगेच नैराश्याकडे बोट दाखवण्याला माझा विरोध. रेममध्ये घशाचे स्नायू सैल पडतात, म्हणून श्वास अडकण्याचा आजार (ओएसए) पहाटेच सगळ्यात वाईट असतो. माणूस गुदमरून उठतो, पण गुदमरल्याचं त्याला आठवत नाही. तो म्हणतो, 'लघवीला जाग येते.' ती लघवीही खरी असते. श्वास अडकला की छातीत ओढ पडते, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, त्यातून संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड जास्त लघवी करतं. मग प्रोस्टेटची गोळी सुरू होते.

दिवसा थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, लैंगिक इच्छा कमी. ही यादी नैराश्याची की ओएसएची? दोन्हींची. म्हणून नैराश्यावरची दोन औषधं नीट देऊनही थकवा हटत नसेल तर मान मोजा. स्टॉप-बँग प्रश्नावलीत आठ प्रश्न आहेत: घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलं का, रक्तदाब, बीएमआय ३५च्या वर, वय ५०च्या वर, मान ४० सेंमीच्या वर, पुरुष. तीन 'हो' आले की संशय, पाच किंवा जास्त झाले तर स्टडी टाळू नका.

स्टडीत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक घटना. तासाला ५ ते १५ घटना सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. आणि अशा माणसाला श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन न लावता रात्री क्लोनाझेपाम (चिंता-झोपेची गोळी) दिलं, तर घसा आणखी सैल पडतो आणि श्वास अडकल्यावर जागं होण्याची जी राखण असते तीच झोपी जाते.

खलबत्ता

घोर_पडे यांच्याशी सहमत, पण पहाटे तीनचं आणखी एक साधं कारण मेडिकलच्या काउंटरवर रोज दिसतं. दारू.

हिशोब करा. ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. दोन पेग म्हणजे ४०. यकृत ताशी ७ ते १० ग्रॅम संपवतं. रात्री दहाला प्यायलेली दारू पहाटे दोन-तीनला अंगातून जाते. तोवर झोप लवकर लागते, गाढ लागते, रेम दबलेली असते. दारू उतरली की दबलेली रेम उसळते, छाती धडधडते, घाम येतो, जाग येते. 'दारूने झोप छान लागते' हे वाक्य अर्ध्या रात्रीपुरतं खरं आहे. (रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र हे वाचून आज एकदम बंद करू नये. दोन ते चार दिवसांत कंप, भास, फिट असं होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.)

गोळ्यांचंही तसंच. झोल्पिडेमचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) अडीच तासांच्या आसपास, अल्प्राझोलामचं ११-१२ तास, क्लोनाझेपामचं ३० ते ४०. म्हणून झोल्पिडेम घेणाऱ्याला पहाटे जाग येते आणि क्लोनाझेपामवाला सकाळी दहापर्यंत झोकांड्या खात असतो. या गोळ्यांनी झोपेचे तास वाढतात, पण बेंझोडायझेपिनने (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचा गट) वाढते ती एन२. एन३ घटते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम औषध नियमांच्या एच१ परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते. 'पाव मिलीची पट्टी द्या हो, शेजारच्या काकांना लागू पडली' म्हणत कुणी येऊ नये, ही विनंती.

अर्धा_डॉक्टर

गोळ्यांवर जरा जास्तच राग दिसतोय. परीक्षा, मृत्यू, ऑपरेशन अशा तात्पुरत्या कारणाने चार रात्री डोळा नाही लागला तर दोन आठवडे गोळी देण्यात गैर काय? न झोपलेल्या माणसाला समुपदेशन ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला पाककृती वाचून दाखवणं.

खलबत्ता

दोन आठवड्यांना हरकत नाही. हरकत त्या चिठ्ठीवर शेवटची तारीख नसण्याला आहे. सुरू करतानाच 'अमुक तारखेला बंद, अशी कमी करत' हे लिहिलेलं हवं. महिनोन्‌महिने चाललेली गोळी एकदम थांबवली की पहिल्या दोन-तीन रात्री आधीपेक्षा वाईट जातात, आणि माणसाला वाटतं आपला आजार परत आला. आजार नसतो, गोळी सुटल्याचा धक्का असतो. साधारण दर दोन आठवड्यांनी चालू मात्रेच्या १० ते २५ टक्के कमी करायची, शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. एसआर किंवा सीआर लिहिलेली गोळी मोडायची नाही. तिची मंद सुटण्याची रचना मोडते आणि सगळं औषध एकदम अंगात जातं.

मनोगती

अर्धा_डॉक्टर, गोळीऐवजी निद्रानाशावर जो सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार देतात, तो सीबीटी-आय म्हणजे समुपदेशन नव्हे. तो हिशोबाचा उपचार आहे. तीन महिने, आठवड्यातून तीन रात्री त्रास असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, आणि तिथे हाच पहिला उपचार मानला जातो.

उदाहरण घ्या. दहाला अंथरुणावर, सहाला उठणार: आठ तास. पण दोन आठवडे लिहिलेल्या झोपेच्या डायरीप्रमाणे खरी झोप साडेपाच. झोपेची कार्यक्षमता ५.५ भागिले ८, म्हणजे ६९ टक्के. उठायची वेळ सहाच ठेवायची, अगदी रविवारीही. साडेपाच तास मागे मोजा: अंथरुणावर जायची वेळ साडेबारा. त्याआधी आडवं व्हायचं नाही. पहिला आठवडा अवघड जातो, संध्याकाळी सोफ्यावर डुलकी लागते, तीच नेमकी टाळायची. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की १५ मिनिटं आधी झोपायला जायचं. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी. पाच तासांच्या खाली कुणालाही न्यायचं नाही.

याच्या जोडीला: झोप येत नसेल तर साधारण वीस मिनिटांत उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात, डोळे जड झाले की परत. अंथरूण फक्त झोप आणि संबंध यांसाठी. मोबाईल, हिशोबाची वही, मुलांचा अभ्यास सगळं बाहेर. एका खोलीच्या घरात हे कसं करायचं असं विचारतात. तिथे गादी घडी करून ठेवायची आणि झोपायच्या वेळीच अंथरायची. जागं असताना भिंतीला टेकून खुर्चीवर किंवा चटईवर बसायचं. आपल्याकडची गुंडाळून ठेवायची गादी या बाबतीत पलंगापेक्षा बरी.

हे कुणाला द्यायचं नाही तेही लिहिते: द्विध्रुवीय आजार (बायपोलर), अपस्मार, झोपेत चालणारे, न तपासलेलं घोरणं, आणि ट्रक-बस चालवणारे.

वामकुक्षी

दुपारी जेवणानंतर डाव्या कुशीवर वीस मिनिटं. ही पण बंद? पोटावर पाय दिलात.

मनोगती

निद्रानाश नसेल तर खुशाल घ्या, तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं. त्याहून लांबली की एन३ लागते आणि चहा घेतल्याशिवाय डोकं जागेवर येत नाही. पण रात्री झोप येत नसेल तर दुपारची डुलकी म्हणजे रात्रीच्या ताटातलं आधीच खाणं. दिवसभर जागं राहून मेंदूत अॅडेनोसिन साठतं, तोच झोपेचा दाब. डुलकीने तो उतरतो, आणि कॉफीने तो दिसेनासा होतो. कॅफिनचं अर्धायुष्य पाचेक तास, तेव्हा सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं.

साखरझोप

मनोगती यांनी बायपोलरचा उल्लेख केला, त्यावर थांबायला हवं. निद्रानाशात माणसाला झोप हवी असते, मिळत नाही, दुसऱ्या दिवशी तो गळून गेलेला असतो. उन्मादात झोपेची गरजच घटते. तीन तास झोपून तो टवटवीत उठतो, पहाटे घर रंगवायला काढतो, खरेदीचे बेत करतो. घरच्यांना विचारायचा प्रश्न: 'कमी झोपून थकलेला दिसतो का?' उत्तर 'उलट जास्तच उत्साहात असतो' असं आलं तर झोपेची गोळी आणि झोपेचे नियम दोन्ही बाजूला ठेवा, आधी मूड बघा. बायपोलर माणसात एक-दोन रात्रींचं जागरणही उन्मादाला निमित्त ठरू शकतं. लग्नघर, गणपतीतली जागरणं, रात्रपाळी, परदेश प्रवास या काळात झोपेची वेळ आधीच ठरवून ठेवलेली बरी.

केळफूल

पाच-सहा वर्षांचं मूल झोपल्यावर तास-दीड तासाने किंचाळत उठतं, डोळे उघडे, घामाघूम, आईला ओळखत नाही, सकाळी काहीच आठवत नाही. नातेवाईक दृष्ट काढतात, कुणी मानसिक धक्का शोधतात. हे काय?

मनोगती

वर्णन नाइट टेररचं आहे. एन३ मधून मेंदू अर्धवटच जागा होतो: हातपाय आणि आवाज जागे, ओळख आणि स्मृती झोपेत. म्हणून समजावून उपयोग नाही, हलवून जागं केलं तर गोंधळ वाढतो. इजा होणार नाही एवढं बघायचं आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. सकाळी मुलाला चौकशा करून घाबरवू नका. दुःस्वप्न असतं तर पहाटे आलं असतं, मूल पूर्ण जागं होऊन आईला बिलगलं असतं आणि गोष्ट सांगितली असती.

वाढायची कारणं: झोप अपुरी, ताप, भरलेलं मूत्राशय, आणि वाढलेल्या टॉन्सिल-अॅडेनॉइडमुळे घोरणं. हे शेवटचं हमखास नजरेतून सुटतं. रोज ठरावीक वेळी होत असेल तर आठवडाभर वेळ लिहा, त्याच्या १५ ते ३० मिनिटं आधी मुलाला हलकंसं जागं करा आणि परत झोपू द्या. दोन ते चार आठवडे.

एका रात्रीत चार-पाच वेळा, दर वेळी अगदी तीच हालचाल, मिनिटभराच्या आत संपणारी, आणि रात्री केव्हाही: असं असेल तर फिटची तपासणी हवी. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. वर्णनापेक्षा त्याचा उपयोग होतो.

कोकणकडा

आणि छातीवर मुंजा बसतो ते? हलता येत नाही, ओरडता येत नाही, खोलीत कुणीतरी आहे असं पक्कं वाटतं.

ईईजीवाली

स्लीप पॅरालिसिस. रेममध्ये स्नायू सैल ठेवणारी कळ चालू राहते आणि शुद्ध आधी परत येते. काही सेकंद ते एक-दोन मिनिटं. त्याच वेळी स्वप्न उघड्या डोळ्यांनी दिसत राहतं, म्हणून मुंजा. छातीवरचं ओझं कारण रेममध्ये छातीचे स्नायूही ढिले असतात आणि खोल श्वास घेता येत नाही. उताणं झोपल्यावर आणि जागरणानंतर जास्त होतं. एखादं बोट किंवा डोळे हलवायचा प्रयत्न करा, सुटतं. कधीमधी झालं तर आजार नाही.

पण याच्या जोडीला दिवसा अनावर झोप आणि खळखळून हसल्यावर गुडघे लुळे पडणं, मान झुकणं असं असेल तर नार्कोलेप्सी. मेंदूतल्या ओरेक्सिन (जागं ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी गेलेल्या असतात. झोप लागता-लागता दिसणारे भास ऐकून अशांना स्किझोफ्रेनियाचं लेबल लागल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. फरक असा, की हे भास झोपेच्या उंबरठ्यावरच येतात. तपासणी: रात्रीच्या स्टडीनंतर दिवसा दोन-दोन तासांनी पाच डुलक्या. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप आणि किमान दोनदा १५ मिनिटांच्या आत रेम आली तर निदान पक्कं होतं. नैराश्याची औषधं रेम दाबतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागतात, फ्लुओक्सेटिन पाच-सहा आठवडे. हे न करता काढलेल्या रिपोर्टवर विसंबू नका.

मिसळ_जास्त_तर्री

म्हणजे मुंज्याला पळवायला पिंपळ तोडायची गरज नाही, कुशीवर झोपलं की झालं. पिंपळ वाचला.

अर्धा_डॉक्टर

उलटी बाजू राहिली. स्नायू सैल ठेवणारी ती कळ बिघडली तर? पन्नाशी-साठीचा माणूस पहाटे स्वप्नात चोर मारतो आणि प्रत्यक्षात बायकोला गुद्दे बसतात. जागा केला की लगेच भानावर येतो आणि स्वप्न सांगतो. आरईएम बिहेवियर डिसऑर्डर, १९८६मध्ये पहिल्यांदा नीट मांडला गेला. याला 'मनातला राग' म्हणून सोडून देऊ नका. अशांपैकी बऱ्याच जणांत पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा लुई बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) दिसतो. वास कमी येणं, जुना बद्धकोष्ठ विचारा.

मानसोपचारातला मुद्दा: एसएसआरआय, व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधांनीही हे सुरू होऊ शकतं, म्हणून औषध कधी सुरू झालं ती तारीख बघा. उपाय: आधी खोली सुरक्षित. गादी जमिनीवर, काचेचं टेबल बाहेर, जोडीदाराचं अंथरूण काही दिवस वेगळं. मग मेलाटोनिन (झोपेच्या वेळेचं संप्रेरक, गोळीच्या रूपात) ३ मिग्रॅपासून, किंवा क्लोनाझेपाम पाव ते एक मिग्रॅ. घोरणारा किंवा विसराळू वृद्ध असेल तर क्लोनाझेपाम जपून.

घोर_पडे

पायांच्या अस्वस्थतेवर कुणी लिहीत नाहीये, आणि मानसोपचारात घोळ तिथेच होतो. रेस्टलेस लेग्जच्या चार खुणा: पाय हलवायची अनिवार ओढ, बसल्या-पडल्या वाढते, चाललं की लगेच बरं, संध्याकाळनंतर जास्त. लोक 'पोटऱ्यांत मुंग्या', 'पाय वळवळतात', 'कुणीतरी पाय चेपून द्या' असं म्हणतात. त्याला चिंता समजून मिर्टाझापिन किंवा एसएसआरआय दिलं की वाढतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, उलटीचं मेटोक्लोप्रमाइड यांनीही वाढतं.

तपासणी फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची. लॅबच्या कागदावर १५ची पातळीही 'नॉर्मल' छापून येते, पण या आजारात ७५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर लोह देतात. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून फेरिटिन टाळू नका. ताप-संसर्गात ते खोटं वाढतं, तेव्हा बरं झाल्यावर करा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आगेमागे निदान तासभर अंतर.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन ही भास-भ्रमांवरची औषधं सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दिवसाही बसवत नसेल, येरझाऱ्या चालू असतील तर ते रेस्टलेस लेग्ज नव्हे, अकॅथिसिया. त्याला आजाराची बेचैनी समजून तेच औषध वाढवलं तर हाल होतात.

पुणे५२अंश

तीनला झोपून अकराला उठणारी कॉलेजची पोरं कोणत्या रकान्यात?

मनोगती

सुट्टीत तीन ते अकरा निवांत, गाढ झोपतात का? मग निद्रानाश नाही, घड्याळ मागे सरकलंय. रात्री दहाला जबरदस्तीने आडवं करून काही होत नाही. सकाळचा उजेड हे औषध, पण वेळ चुकली तर उलटं होतं. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली असतं. अकराला उठणाऱ्याचं आठ-नऊला. त्याला सहाला उठवून उन्हात उभं केलं तर घड्याळ आणखी मागे जातं. आधी नैसर्गिक उठण्याच्या वेळी अर्धा तास बाहेर ऊन, मग दर एक-दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. मेलाटोनिन अर्धा मिग्रॅ, नेहमीच्या झोपेच्या चार-पाच तास आधी. झोपताना तीन मिग्रॅ घेऊन घड्याळ फारसं हलत नाही. आणि रात्रीचा मोबाईल चालू असेल तर वरचं सगळं पाण्यात.

देशस्थ_ऋग्वेदी

मूळ प्रश्नावर येतो. पहाटे तीनला उठणाऱ्या पंच्याहत्तरीच्या आजोबांना नैराश्य म्हणण्याआधी ते झोपतात किती वाजता ते विचारा. साडेसातच्या बातम्या, आठला जेवण, साडेआठला आडवे. साडेआठ ते तीन: साडेसहा तास पुरे झाले की हो. घरातली बाकी माणसं झोपलेली असतात म्हणून ती 'जाग' ठरते. संध्याकाळी उजेडात फिरायला न्या, नऊ-साडेनऊपर्यंत गप्पांत गुंतवा.

साखरझोप

हा मुद्दा मान्य. घोर_पडे आणि खलबत्ता यांचेही. म्हणजे तीनच्या जागेला आता चार दारं झाली: दारू किंवा गोळी उतरणं, श्वास, लवकर झोपणं आणि नैराश्य. त्यातलं नैराश्याचं दार कसं ओळखायचं ते नीट मांडतो.

एक तर आवर्तनांच्या सांध्यावर सगळ्यांनाच क्षणभर जाग येते. कूस बदलून परत झोप लागत असेल तर तो आजार नाही. नैराश्यातली जाग नेहमीच्या वेळेच्या दोन तास किंवा जास्त आधी येते, परत झोप लागत नाही, आणि ते पहाटेचे तास सगळ्यात वाईट असतात. छातीत दगड, जुन्या चुका, 'उजाडूच नये' असं वाटणं. संध्याकाळपर्यंत थोडं हलकं होतं. सोबत भूक आणि वजन घटतं, आवडीच्या गोष्टीत रस राहत नाही. ईईजीवर (मेंदूच्या लहरींच्या नोंदीत) पहिली रेम ९० मिनिटांऐवजी तास पुरा व्हायच्या आतच येते, पण तेवढ्यासाठी स्टडी करायची गरज नाही. प्रश्न विचारून कळतं.

आणि त्या तासात मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाले तर माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या-कीटकनाशकं कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस १४४१६ चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

मूड सुधारला तरी झोप तशीच राहिली असेल तर तिच्यावर वेगळा उपचार करा, 'आपोआप होईल' म्हणून सोडू नका. उरलेला निद्रानाश पुन्हा नैराश्य येण्याची शक्यता वाढवतो. औषधाची वेळही बघा. फ्लुओक्सेटिन, बुप्रोपिऑन रात्री घेतलं जातंय आणि झोपेची तक्रार चालू आहे, असं सर्रास आढळतं. ते सकाळी हलवा, मिर्टाझापिन रात्री.

केळफूल

वाचनखूण साठवली. दोन आठवडे डायरी लिहायची म्हणता, त्यात काय-काय लिहायचं? आणि रात्री घड्याळ बघून वेळा टिपायच्या का?

मनोगती

रात्री काहीच टिपायचं नाही. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, मोबाईल उशाशी नको. सकाळी उठल्यावर अंदाजाने सात गोष्टी लिहा: अंथरुणावर कधी, दिवा कधी मालवला, झोप लागायला किती वेळ, किती वेळा जाग आणि मिळून किती वेळ, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं, दिवसा डुलकी किती. बाजूला चहा-कॉफी, दारू, तंबाखू आणि गोळ्या, वेळेसकट. सोबत झोपणाऱ्याने घोरणं किंवा लाथा यांचा रकाना भरला तर उत्तम. पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी हिशोब बदलत नाही.

घोर_पडे

सोबत झोपणारा जागा राहून रकाना भरायला लागला तर त्याचा धागा वेगळा काढावा लागेल. कृपया हलके घ्या.